डाव्या बाजूचा आवाज

आमच्या घरात हळू बोलायची सवय कुणालाच नव्हती. बाबा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात प्रेसवर कामाला होते. पत्र्याची गोल चकती साच्यावर ठेवायची, पायानं खटका दाबायचा, वरून लोखंडाचा ठोकळा येणार आणि चकतीची थाळी होणार. दिवसभर हेच, आणि एकाच शेडखाली अशी कितीतरी यंत्रं एकदम चालू. बाबा घरी आले की सुरुवातीला थोडा वेळ आईला त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे. पुढे तो थोडा वेळ संध्याकाळभर पसरला आणि मग सुट्टीच्या दिवशीही तेच. चाळीत नव्यानं राहायला आलेल्यांना वाटायचं, यांच्याकडे रोज भांडण असतं. प्रत्यक्षात आई एवढंच विचारत असायची की कुळथाच्या पिठीत आमसूल घालू की नको.

आम्ही भाईंदरमध्येच, गोडदेवला हिराबाईंच्या चाळीत राहायचो. हिराबाई तिथल्याच, जुन्या गावातल्या. त्यांची भातशेती बिल्डरांकडे गेली होती आणि ही एक चाळ तेवढी हातात राहिली होती. एक खोली, पुढे सामाईक गॅलरी, आत मोरी. आमची सगळी भांडी कारखान्यातून बाद झालेली. कुठल्या थाळीचा काठ उचललेला, कुठल्या वाटीच्या बुडाला पोचा. आमटी वाढली की ती एका बाजूला गोळा व्हायची आणि आम्ही त्या बाजूनंच भात कालवायचो. पाहुण्यांसाठी मात्र आईनं चार सरळ थाळ्या फळीवर पालथ्या घालून ठेवल्या होत्या आणि त्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती.

बाबांचं खरं मन पेटीत होतं. मंडणगडच्या बाजूला आमचं गाव. तिथून मुंबईत आलेल्या लोकांची एक गायन पार्टी होती आणि बाबा तिच्यात पेटी वाजवायचे. गाणारे शांतारामकाका, त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. जयंतीच्या दिवसांत त्यांना या वस्तीतून त्या वस्तीत बोलावणी यायची. एका कार्यक्रमात गाणं चालू असताना शांतारामकाकांनी मान वळवून दोनदा बाबांकडे पाहिलं. बाबांना कळेना. नंतर काकांनीच त्यांना बाजूला नेऊन सांगितलं की वरचे सूर चुकतायत. ते सूर बाबांना ऐकूच येत नव्हते. बोट सवयीनं पडत होतं, आणि जिथं घसरत होतं तिथं त्यांना पत्ता लागत नव्हता. त्यानंतर बाबांनी पेटी विहाराला देऊन टाकली. घरी आले, हातपाय धुतले, वंदनेला बसले. पेटीचं नाव त्यांनी बरेच महिने काढलं नाही.

पण ऐकायची भूक सुटली नव्हती. ट्रान्झिस्टर कानाला दाबून ते गॅलरीत बसायचे. तेवढ्यात शांतारामकाका कायमचे गावी राहायला गेले, आणि जाताना त्यांच्या एका जुन्या कार्यक्रमाची कॅसेट बाबांच्या हातात ठेवून गेले. शेजाऱ्यांच्या टेपवर ती लावून पाहिली. बाबा अगदी टेपला खेटून बसले, तरी शेवटी म्हणाले, "नुसता गलका येतोय." मग त्यांच्या डोक्यात वॉकमननं घर केलं. कारखान्यातला एक जण दुपारच्या सुट्टीत कानाला लावून बसायचा, त्याचा एकदा मागून ऐकला होता. मला म्हणाले, "कानालाच लागतं बघ ते. मध्ये हवा नाही. राहिलंय तेवढं ऐकून घेतो, बाय." आमच्याकडे मुलीला लाडानं बाय म्हणतात. माझं नाव प्रज्ञा, पण घरात ते फक्त शाळेचा दाखला शोधताना निघायचं.

निवड मी करायची, हेही त्यांनीच ठरवलं. मी तेव्हा नुकतीच बारावी झाले होते. घरातले कान म्हणजे मी. नळाला पाणी आल्याची पहिली सळसळ मला ऐकू यायची, गल्लीच्या तोंडाशी टँकर वळला की मी हंडे उचलायची. बाबा म्हणाले, "दुकानदार काहीही गळ्यात मारेल. मला काय कळणार? तू ऐकायचं. ज्याचा आवाज सगळ्यात स्वच्छ, तो घ्यायचा. दिसायला कसा का असेना." मी मनातून फुशारून गेले होते. वर्गातल्या मुलींना विचारून विचारून मी बरीच माहिती गोळा केली होती. कुणी सांगितलं, फोम जाड असलेला हेडफोन घे. कुणी सांगितलं, पुढे खालीवर सरकणारी बटणं असतील तर आवाज हवा तसा कोरता येतो.

माझा डावा कान लहानपणापासून वाहायचा, हे इथं सांगायला हवं. वाहायचा म्हणजे अधूनमधून. मग आई लसूण ठेचून तेलात कडवायची, तेल कोमट झालं की दोन थेंब कानात आणि वर कापसाचा बोळा. हिराबाई गॅलरीतून बघत सांगायच्या, "वाहतं तं वाहू दे गो. घान भायेर जाते. काय न्हाय व्हत." सर्दी व्हावी तसं ते होतं. कुणाला त्याची काळजी वाटली नाही, मलाही नाही.

किरीटभाईंचं दुकान स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. काचेचा काउंटर, मागे भिंतभर कॅसेटी, आणि कोपऱ्यात नेहमी उदबत्ती. किरीटभाई गुजराती, पण माणूस बघून भाषा बदलायचे. बाबांशी मराठी, माझ्याशी हिंदी. बाबांनी कॅसेट रुमालात गुंडाळून खिशात आणली होती. किरीटभाई म्हणाले, "अगोदर माझ्या कॅसेटवर ऐका. ओरिजनल स्टीरिओ आहे. सेटची खरी परीक्षा त्याच्यावर." त्यांनी एक लाल रंगाचा सेट काढला, हेडफोन माझ्या डोक्यावर बसवला आणि बटण दाबलं.

उजव्या बाजूला ढोलक सुरू झाला. इतक्या जवळून मी कधीच काही ऐकलं नव्हतं, मी दचकलेच. पण डावीकडे काहीच नव्हतं. नीट लक्ष दिल्यावर, भिंतीपलीकडं कुणीतरी बोलत असावं तसं काहीतरी. मी म्हटलं, "याची एक बाजू बंद आहे."

किरीटभाईंनी तार हलवून पाहिली, पिन फिरवून पाहिली. दुसरा सेट काढला. त्यात ती सरकणारी बटणं होती. डावी बाजू पुन्हा तशीच. मी बटणं खालीवर करत राहिले. उजवीकडचा आवाज कधी जाड, कधी टोकदार होत होता, डावीकडं फरक नाही. "याचीही," मी म्हटलं. किरीटभाईंच्या कपाळाला आठी पडली. आतल्या कपाटातून त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक काळा सेट आणला. "बेटा, ये जपानी है. बाहर रखता ही नहीं मैं. इस में कम्प्लेन नहीं मिलेगी."

तो काळा सेट माझ्या कानाला लागला. ढोलक आला. उजवीकडं. मी डावा फोम हातानं दाबून धरला, सोडला, पुन्हा दाबला. किरीटभाईंनी हेडफोन माझ्या डोक्यावरून उचलून स्वतःच्या डोक्यावर चढवला, थोडा वेळ ऐकला आणि मान डोलावली. "बराबर तो है. दोनो साइड बराबर." त्यांच्या स्वरात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मी बाबांकडे पाहिलं नाही. काउंटरच्या काचेखाली बॅटरीचे सेल ओळीनं मांडले होते, त्यांच्याकडे पाहत राहिले.

बाबांना आमचं बोलणं धड ऐकू आलं नसणार. पण त्यांनी आमची तोंडं पाहिली असावीत. कारखान्याच्या गोंगाटात ते अशी तोंडं वाचूनच दिवस काढत होते. त्यांनी किरीटभाईंच्या हातातून हेडफोन घेतला. माझ्या डोक्यावर तो पुन्हा चढवला, पण उलटा. डावा फोम उजव्या कानावर, उजवा डाव्यावर. मग समोर उभे राहून त्यांनी विचारलं, "आता?"

ढोलक कुठंच नव्हता. उजव्या कानात आता गाणारीच्या मागची सारंगी आली होती, अगदी स्पष्ट, जी मला एवढा वेळ कुठल्याच सेटवर सापडली नव्हती. म्हणजे ती होती. ती डाव्या बाजूला वाजत होती आणि माझ्यापर्यंत पोचत नव्हती.

बाबांनी स्वतःच्या हातानं हेडफोन काढला, काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "सेट चांगले आहेत तुमचे, किरीटभाई. पुन्हा येतो."

बाहेर आल्यावर बराच वेळ ते पुढं आणि मी मागं असे चालत होतो. हातगाडीवरून स्टीलचे डबे चालले होते, त्यांचा खणखणाट चालला होता. रेल्वे फाटकापाशी थांबावं लागलं तेव्हा ते वळले. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"डावा."

"मला नाही माहीत, बाबा," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. आज मागं वळून पाहिलं की सगळं दिसतं. वर्गात मी नेहमी डाव्या भिंतीच्या बाकावर बसायची. मैत्रिणीचा हात धरायचा तर तिला ओढून उजवीकडं घ्यायची. पण माणसाला जे ऐकू येत नाही ते ऐकू येत नाही हे कळणार कसं? बाकीच्यांचं जगही एवढंच असेल असं मी धरून चालले होते.

घरी आल्यावर बाबांनी हातातलं घड्याळ काढलं. मला पाटावर बसवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाले, "टिकटिक ऐकू आली की हात वर कर." आई भाकऱ्या थापत होती, ती तसाच पिठाचा हात घेऊन उठून आली. मी डोळे मिटून बसले. तव्यावरच्या भाकरीचा वास येत होता. मी वाट पाहत होते. मला वाटत होतं बाबा अजून लांबून घड्याळ आणतायत. मग आईचा आवाज आला, "अहो, लावा की कानाला." आणि बाबा म्हणाले, "लावलंय."

आईनं ते घड्याळ ओढून घेतलं आणि स्वतःच्या कानाशी धरलं. बंद पडलं असेल अशी तिला आशा होती. ते चालू होतं. भाकरी करपली. ती उतरवायला कुणी उठलं नाही.

मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये कानाचे एक डॉक्टर बसायचे. बाबा अर्धी रजा टाकून मला घेऊन गेले. तिथं तेव्हा निम्म्या इमारती उभ्या आणि निम्म्यांच्या सळ्या बाहेर, रस्त्यावर रेतीचे ढीग. डॉक्टर मध्यम वयाचे, शांत. कपाळावर दिवा लावून त्यांनी माझा कान साफ केला आणि मग आत इतका वेळ पाहत राहिले की माझी मान अवघडली. चक्कर येते का, विचारलं. कधी चेहऱ्याची एक बाजू बधिर वाटते का, विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्यांनी कागदावर कान काढला. पडद्याच्या आत कातडीची एक पिशवी वाढतेय, म्हणाले, ती आजूबाजूचं हाड खात पुढं सरकते. ऐकण्याची बारीक हाडं बहुतेक गेली आहेत. तिच्या बाजूनं चेहऱ्याची नस जाते, आणि वर पातळ हाड आहे, त्याच्या पलीकडं मेंदू. "ऑपरेशन लवकर करा," ते म्हणाले. "ऐकू यावं म्हणून सांगत नाहीय मी. त्याची आशा धरू नका. जीव राहावा म्हणून सांगतोय."

बाबा मान हलवत होते. चिठ्ठी घेतली, नमस्कार केला, आम्ही बाहेर पडलो. रेतीच्या ढिगापाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, "शेवटी काय म्हणाले ते? मला नीट लागलं नाही."

ते मलाच सांगावं लागलं. पहिल्यांदा मी साधं बोलले, तर त्यांनी कानामागं हात धरला. मग मी मोठ्यानं बोलले. वर घमेल्यांतून सिमेंट चढत होतं, मिक्सर फिरत होता, त्याच्यावरून आवाज जायला हवा होता. मी ओरडून सांगितलं, "ऑपरेशन नाही केलं तर जिवाला धोका आहे म्हणाले." घमेलं डोक्यावर घेतलेली बाई वळून माझ्याकडं पाहायला लागली. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि स्टेशनापर्यंत सोडलं नाही.

आईनं साफ नकार दिला. तिच्या माहेरच्या एका चुलतबहिणीचं कानाचं ऑपरेशन झालं होतं आणि शुद्धीवर आली तेव्हा तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. डोळा मिटत नव्हता, पाणी प्यायला गेली की ओघळायचं. लग्न मोडलं. "माझी पोर हिंडतेय, फिरतेय, जेवतेय," आई म्हणाली. "कान वाहतो एवढंच. त्याच्यापायी तिचं तोंड वाकडं करून आणू?" बाबा म्हणाले, डॉक्टर सांगतात. आई म्हणाली, त्या बहिणीच्या डॉक्टरनंही सांगितलंच होतं.

त्यानंतरचे दिवस मला कुठल्याही आजारपणापेक्षा जड गेले. एवढी वर्षं मोठ्यानं बोलणारं आमचं घर एकदम कुजबुजायला लागलं. आई बाबांना गॅलरीत घेऊन जायची, त्यांच्या कानाशी तोंड न्यायची आणि काहीतरी सांगत राहायची. मी आत भांडी घासत असायची. तिचे ओठ हलताना दिसायचे, हात दिसायचे, बाबांची खाली गेलेली मान दिसायची. मी घासणं थांबवून उजवा कान दाराकडं करायची, तरी काही लागायचं नाही. माझ्याच विषयीचं बोलणं, माझ्याच घरात. जेवताना तिघांच्या थाळ्यांचेच आवाज. आई मला सुकटीची चटणी जास्त वाढायची, मला ती आवडते म्हणून, आणि मला ती गिळवत नव्हती. कानात तेल घालायचं तिनं बंद केलं होतं. ती लसूण ठेचायला बसली की मला दिसायचं, तिचा हात मध्येच थांबतोय.

एका सकाळी नळावर रांगेत उभी होते. हंडा भरला, उचलायला वाकले आणि जमीन माझ्या डाव्या बाजूनं वर आली. दुसरं काही सांगता येत नाही, तसंच झालं. हिराबाईंची चाळ, नळ, बायका, सगळं आडवं फिरायला लागलं आणि मी हंड्यासकट खाली. कुणीतरी मला धरलं. हिराबाई म्हणत होत्या, "उपाशी हाय का पोर? खाल्लं न्हाय?" मी पोटभर खाल्लं होतं. डॉक्टरांनी विचारलेली चक्कर ही असणार हे मला तिथंच, ओल्या फरशीवर बसल्याबसल्या कळलं. त्याच्या पुढचा प्रश्न चेहऱ्याचा होता. मी गालाला हात लावून पाहिला.

आई धावत आली होती. तिनं मला घरात आणून भिंतीला टेकवून बसवलं. मी म्हटलं, "आई, मला ऑपरेशन करायचंय."

"तोंडाला काही झालं तर?"

"तर वाकड्या तोंडानं जगेन. पण जगेन ना."

बाबा कामाला निघायचं म्हणून सदऱ्याची बटणं लावत होते. त्यांना सगळं ऐकू आलं नसेल, पण ते जवळ येऊन आईला म्हणाले, "कान तिचा आहे. तिला ठरवू दे." आई उठली आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. मग तिनं माझे ओले केस पुसले. होकार म्हणतात तो असा मिळाला.

ऑपरेशन मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात झालं. आदल्या दिवशी कानामागचे केस काढले. आईनं तेवढी बट पदराच्या टोकात बांधून ठेवली होती, हे मला नंतर दिसलं. आत नेताना मी छताकडं पाहत होते आणि मनात एकच विचार होता की उजवा कान तरी यांनी चुकून धरू नये. तो मूर्खपणाचा विचार होता, पण तोच होता. मी डाव्या हातानं डावा कान दाखवत राहिले, तेव्हा नर्स म्हणाली, "माहितीय गं आम्हाला."

शुद्धीवर आले तेव्हा डोकं भलंमोठं पट्ट्यांत गुंडाळलेलं आणि तोंडाला कोरड. पहिल्यांदा दिसली ती आई. ती माझ्या तोंडावर वाकली होती. "हस बघू," ती म्हणाली. मला वाटलं मी स्वप्नात आहे. "हस. दात दाखव." मी हसायचा प्रयत्न केला. "डोळे मीट. घट्ट." मी मिटले. "उघड. भुवया वर कर. आता परत हस." पलीकडच्या खाटेवरची बाई कुतूहलानं उठून बसली होती. आई माझ्या तोंडाची उजवी बाजू बघायची, मग डावी, मग पुन्हा उजवी, तांदूळ निवडताना बघायची तशी. मग तिनं वळून खिडकीकडं तोंड केलं. तिच्या खांद्यांवरून मला कळलं की माझं तोंड सरळ आहे.

रोग पूर्ण काढला होता. वेळेत आलात, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. वरचं हाड कागदाएवढं उरलं होतं. आईनं त्यांना विचारलं, "तेल मीच घालत होते. त्यानं झालं का?" ते म्हणाले, त्यानं झालं नाही, त्यानं बरंही होणार नव्हतं. आईनं यातला पहिला भागच धरून ठेवावा असं मला वाटायचं, पण तिनं आयुष्यभर दुसरा धरला. डावा कान गेला तो गेलाच. पट्टी सुटल्यावर कापूस काढला, तरी कापूस घातल्यासारखंच राहिलं.

वॉकमनचं नाव घरात कुणी काढेना. शेवटी मीच काढलं. बाबा म्हणाले, "राहू दे गं." मी म्हटलं, "ठरलं होतं ना, मी ऐकून निवडायचा म्हणून? मग?" ते माझ्याबरोबर आले, पण दुकानाची पायरी चढताना त्यांचा पाय घुटमळला.

किरीटभाईंनी काही विचारलं नाही. माझ्या कानामागची खूण त्यांना दिसली असणार. त्यांनी तेच सेट पुन्हा काढले. मी काळा जपानी सेट घेतला आणि उजव्या कानानं ऐकायला लागले. आवाज फार सुंदर होता. पण आता मला माहीत होतं की यात सारंगी आहे, आणि ती मला मिळत नव्हती. उलटा लावला तर सारंगी यायची आणि ढोलक जायचा. जेवढा सेट भारी तेवढी दोन बाजूंची वाटणी साफ, आणि तेवढं माझं अर्धं गाणं साफ गायब. मग एक गोष्ट सुचली. मी बाबांना विचारलं, "तुमच्या दोन कानांत फरक आहे का?" त्यांनी विचार केला. "उजवा प्रेसच्या बाजूला असतो. तो जवळजवळ गेलाय. डावा त्यातल्या त्यात बरा." म्हणजे हा सेट घेऊन त्यांनाही अर्धंच गाणं मिळालं असतं, आणि त्यांना ते कधी कळलंही नसतं.

काउंटरच्या एका टोकाला चपटा, राखाडी रंगाचा एक टेप पडला होता. सभेत भाषणं भरून घ्यायला लोक नेतात तसा. त्याला एकाच कानात घालायची बारीक गुंडी होती. मी तो मागितला. किरीटभाई म्हणाले, "बेटा, वो तो मोनो है. गाना सुनने का नहीं है. आवाज में दम नहीं मिलेगा."

"लावा तर," मी म्हटलं.

त्यांनी तीच कॅसेट घातली. गुंडी उजव्या कानात बसवली. ढोलक आला, आणि त्याच्या मागोमाग, त्याच कानात, सारंगी. आवाज बारीक होता, किरीटभाई म्हणत होते ते खरं होतं. पण त्यात कुणी राहून गेलेलं नव्हतं. आज माझ्या फोनमध्ये दोन बाजू एक करायची सोय आहे, भाच्यानं ती मला शोधून दिली. तेव्हा ती त्या राखाडी डब्यात होती, आणि सगळ्या दुकानात ती फक्त आम्हालाच हवी होती.

मग बाबांनी रुमाल सोडला आणि शांतारामकाकांची कॅसेट पुढं केली. मी गुंडी त्यांच्या डाव्या कानात घातली, आवाज पूर्ण वाढवला. ते काउंटरला रेलून उभे होते. बराच वेळ काहीच झालं नाही. मग ते म्हणाले, "शांताराम खोकला." गाणं सुरू व्हायच्या आधी काका नेहमी खोकून घसा मोकळा करायचे. मग त्यांची बोटं काचेवर हलायला लागली. किरीटभाईंनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं. "पेटी माझीच," बाबा म्हणाले, जरा मोठ्यानंच, कारण कान भरलेला होता. "बरी वाजवायचो."

तो राखाडी सेट घेऊन आम्ही बाहेर पडलो. रस्त्यावर संध्याकाळची गर्दी होती, भाजीवाले ओरडत होते, रिक्षांचे भोंगे. मी काहीतरी बोलले, ते त्यांना ऐकू गेलं नाही. ते काहीतरी म्हणाले, मला लागलं नाही. आम्ही दोघंही थांबलो. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, स्वतःकडं पाहिलं, आणि माझ्या पाठीमागून वळसा घालून ते माझ्या उजव्या हाताला येऊन उभे राहिले. "अशी चल," ते म्हणाले. "तुझा उजवा, माझा डावा."

त्यानंतर ते होते तोवर आम्ही तसेच चाललो. गोडदेवच्या गल्ल्या अरुंद, समोरून हातगाडी आली की माणसाला एकामागं एक व्हावं लागतं. बाबा व्हायचे नाहीत. गाडी निघून जाईपर्यंत भिंतीला पाठ लावून थांबायचे, मला थांबवायचे, आणि वाट मोकळी झाली की पुन्हा माझ्या उजवीकडं येऊन बोलणं जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू करायचे.